काळ्या पोटाची गांडुळं

संस्थेत नव्याने येणाऱ्याला वाटायचं की बाईंचं आडनावच चिमटे आहे. एकदा तर मुख्य कार्यालयातून 'श्रीमती चिमटे यांस' म्हणून पत्र आलं, आणि बाईंनी ते मुकाट्याने सही करून घेतलंही. खरं आडनाव पगारपत्रकाबाहेर कुठे उरलंच नव्हतं. एकोणीस वर्षं हातात बारीक चिमटा धरून गांडुळांची पोटं उघडणाऱ्या बाईला लोक दुसरं म्हणणार तरी काय?

हे काम ऐकूनच लोकांच्या अंगावर काटा यायचा. चिमटेबाईंना मात्र ते शिवणकामासारखं वाटायचं. गांडूळ सौम्य स्पिरिटमध्ये बधिर करायचं, मेण ओतलेल्या ताटलीत दोन टाचण्यांनी ताणून ठेवायचं आणि पाठीवरून सरळ एक चीर द्यायची. कातडी बाजूला झाली की आत लांबच लांब आतडं दिसतं, मातीने गच्च भरलेलं. ते न फुटू देता उचलायचं. फुटलं की नमुना वाया. मोठमोठ्या पदव्या घेतलेल्यांचे हात इथे थरथरायचे, आणि बाई घरच्या गप्पा मारता मारता दिवसाला तीस पोटं उघडायच्या. "माणसाच्या पोटात काय आहे ते जन्मभर कळत नाही," त्या म्हणायच्या, "गांडूळ बरं. एक चीर दिली की सगळं समोर."

बाईंनी लग्न केलं नव्हतं. जवळचं माणूस म्हणजे थोरली बहीण, आक्का. आई गेली तेव्हा बाई सहा वर्षांच्या आणि आक्का तेरा. वडील पाळीवर जाणारे. आक्काने सातवीतून दप्तर खुंटीला अडकवलं ते कायमचं. धाकटीच्या वेण्या, डबा, परीक्षेच्या आधीची उजळणी, सगळं तिने केलं. स्वतःला न समजणारे धडेसुद्धा ती पुस्तक हातात धरून म्हणवून घ्यायची. एक शब्द चुकला तरी म्हणायची, "पुन्हा म्हण."

आक्काचं लग्न झालं ते खांबांच्या कारखान्यातल्या कामगाराशी. विजेच्या तारांचे लाकडी खांब वाळवीने खाऊ नयेत म्हणून तिथे मोठमोठ्या टाक्यांतल्या औषधात बुडवत असत. पुढे कारखाना बंद पडला आणि आवारातली मोकळी जागा कामगारांना घरांसाठी वाटून देण्यात आली. आक्का आणि भावोजींनी तिथे दोन खोल्या बांधल्या, विटा स्वतः वाहून. अशी एकशे साठ घरं उभी राहिली. सव्वीस वर्षांनी कोणीतरी तिथल्या विहिरीचं पाणी तपासलं, मग माती तपासली, आणि एका आठवड्यात सगळ्यांना घराबाहेर काढलं. खांबांचं औषध जमिनीत मुरलेलं होतं. एकशे साठ कुटुंबं एका रिकाम्या गोदामात आली. प्लायवूडच्या भिंती, सामाईक नळ, आणि आक्काच्या वाट्याला आलेली खोली तिसऱ्या मजल्यावर. लग्न झालेली मुलगी आणि जावईही त्याच खोलीत, आणि पुढे त्यांना झालेलं बाळही.

आणि नेमकं त्याच मातीचं काम बाईंच्या प्रयोगशाळेकडे आलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम मनाने मोकळ्या होत्या. काम सुरू करायच्या आधी त्यांनी बाईंना समोर बसवून सगळं समजावून दिलं. "मातीत जिवाणू असतात, पण बरेचसे झोपलेले. गांडूळ माती गिळतं. त्याच्या पोटात हवा नाही, ओलावा आहे, चिकट गोड रस आहे. तिथे ते जागे होतात. आणि काही जाती तर आतड्याच्या भिंतीलाच चिकटून राहतात, बाहेर जगतच नाहीत. त्यांतली एक जात हे खांबांचं औषध तोडते, असं दिसतंय. पण अट एकच."

"कुठली?"

"माती पोटातून गेली पाहिजे. पोटाबाहेर तो जिवाणू काही कामाचा नाही."

पुढचं वर्षभर बाईंनी डोळ्यांत तेल घालून काम केलं. कारखान्याच्या कुंपणाजवळची गांडुळं आणली, त्यांच्या आतड्यांतून जिवाणू काढले, काचेच्या बशांमध्ये वाढवले. मग पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये वसाहतीची पिवळट माती आणि कंपोस्ट एकजीव कालवून त्यात गांडुळं सोडली. अकरा आठवड्यांनी ट्रेमधलं विष निम्म्याहून कमी झालं होतं. मॅडमनी आकडे तीनदा तपासले. त्या दिवशी बाई संस्थेतून निघाल्या त्या थेट गोदामात गेल्या, तीन जिने धापा टाकत चढल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "आक्का, होणार! घर मिळणार!"

ही बातमी त्यांच्याच तोंडून गोदामभर पसरली. पुढे बाईंना सगळ्यात जास्त डाचलं ते हेच.

वसाहत खात्याने कामाला परवानगी दिली. वसाहतीच्या एका कोपऱ्यात, पाडलेल्या चार घरांच्या जागेवर कंपोस्टचा थर पसरला आणि हजारो गांडुळं सोडली. दर महिन्याला खात्याची माणसं येऊन मातीचे नमुने घेत. आकडे बघणाऱ्याचा विश्वास बसू नये इतके चांगले येत गेले. सातव्या महिन्यात खात्याच्या साहेबांनी सांगून टाकलं, की पुढच्या सभेत जमीन सुरक्षित असल्याचं जाहीर करू, सगळीकडे गांडुळं सोडू आणि लोकांना परत पाठवू. मॅडमनी अहवाल दिला. गोदामात लोक सामान बांधू लागले.

नियमाप्रमाणे शेवटची एक पायरी उरली होती. त्या कोपऱ्यातली तीस गांडुळं आणून त्यांच्या आतड्यात तो जिवाणू टिकून आहे का, ते पाहायचं. त्याआधी अशी तपासणी झालीच नव्हती. ट्रेमध्ये जमलं ते बाहेरही जमेल, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

बाईंनी पहिलं गांडूळ ताणलं, चीर दिली. आतडं काळंभोर होतं. दुसरं, तेही काळं. पाचव्या गांडुळाला त्यांच्या गप्पा थांबल्या. दहाव्याला त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या. मग उरलेली वीसही उघडली. सगळी काळी.

ट्रेमधल्या गांडुळांची पोटं त्यांनी शेकड्याने पाहिली होती. ती पिवळट असायची, मळकट हळदीच्या रंगाची, कारण वसाहतीची मातीच तशी होती. ही काळी पोटं म्हणजे निव्वळ कंपोस्ट. गांडुळं वरच्या थरात मजेत राहत होती, तिथलंच खात होती. खालच्या मातीला त्यांनी तोंडही लावलं नव्हतं. मग आकडे एवढे चांगले कसे? बाईंना उत्तर सुचलं. खात्याची माणसं नमुने घेत होती ते वरच्या वितीतून. म्हणजे ती कंपोस्टच तपासत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाई फावडं घेऊन एकट्याच वसाहतीत गेल्या. पहारेकरी ओळखीचा होता. त्याने विचारलं, "आज सुट्टीच्या दिवशी?" "सहज," म्हणून त्या कोपऱ्यात गेल्या. वीतभर खणलं तोवर माती मऊ, काळी, वळवळती. त्याखाली सुरीने कापावी तशी रेघ, आणि रेघेखाली पिवळी, घट्ट, निर्जीव माती. एकही बीळ नाही. तोच तिखट वास, जो भावोजींच्या कपड्यांना वर्षानुवर्षं येत असे. बाईंनी त्या मातीने एक बरणी भरली, थोडी ओली केली, वर चार गांडुळं ठेवली. तासाभरात चारही काचेवरून चढून झाकणाला चिकटली होती.

सोमवारी त्यांनी बरणी मॅडमच्या टेबलावर ठेवली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग प्रयोगशाळेत जाऊन स्वतः त्याच कोपऱ्यातली आणखी दोन गांडुळं उघडली. एक फुटलं. दुसरं काळं निघालं. त्या हात धुऊन आल्या आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

"ट्रेमध्ये आपण माती कालवून दिली होती," मॅडम म्हणाल्या. "त्यांना निवडायला जागाच नव्हती. इथे आहे."

"हो."

"अहवाल गेला आहे, बाई. गुरुवारी सभा आहे."

"हो, मॅडम."

"तुमची बहीण त्यातच आहे ना?"

बाईंनी मान हलवली. मॅडम म्हणाल्या, "मला एक दिवस द्या." थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "नाही, मी तुमच्याकडे दिवस मागण्यात काय अर्थ आहे? निरीक्षण वहीत जे पाहिलं ते लिहा. तारीख घाला."

बाईंनी लिहिलं. तीस गांडुळं, तीसही आतडी काळी. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं.

सभेत कळण्याआधी आक्काला आपल्या तोंडून कळायला हवं, म्हणून संध्याकाळी त्या गोदामात गेल्या. आक्का पडद्याचं कापड मांडीवर घेऊन बसली होती. खिडकी अडीच हात होती की पावणेतीन, यावर तिची आणि भावोजींची जुंपली होती. बाळ जमिनीवर रांगत होतं आणि सापडेल ते तोंडात घालत होतं.

"धाकटे, तूच सांग," आक्का म्हणाली, "आपली पुढची खिडकी अडीचच होती ना?"

बाई चप्पल न काढताच दारात उभ्या राहिल्या. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. थांबल्या असत्या तर पुढे बोलवलंच नसतं.

आक्काने कापडाची घडी घातली. "कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"मला. मॅडमना."

"मग गप्प बस."

"आक्का..."

"गप्प बस म्हणते ना! सव्वीस वर्षं राहिलो तिथे. मेलो का? आमची पोरगी तिथेच वाढली. अंगाला खाज सुटते, सुटू दे. इथे काय सुटतं ते बघ एकदा. नळावर शिव्या, जिन्यात शिव्या. खोकल्याचा आवाज शेजाऱ्याला जातो म्हणून हे उशीत तोंड घालून खोकतात. दिसतं का तुला?"

"बाळ आहे गं घरात. हातात येईल ते तोंडात घालतंय. उद्या अंगणातली माती..."

"माझ्या नातवाचं मला सांगू नकोस." आक्काचा आवाज एकदम खाली आला. ती ओरडायची तेव्हा बाईंना भीती वाटत नसे. हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. "मी सातवीतून शाळा सोडली ती तू शिकावीस म्हणून. शिकलीस. चांगली शिकलीस. आणि त्या शिक्षणाने सगळ्यात आधी काय केलं, तर माझं घर नेलं."

बाई आल्या तशाच दारातून मागे फिरल्या.

भावोजी त्यांना बस थांब्यापर्यंत सोडायला आले. एवढे जिने उतरून त्यांना दम लागला होता. थोडं चालल्यावर म्हणाले, "टाक्या साफ करायला आम्ही आत उतरायचो. अनवाणी. गाळ काढायचा आणि मागच्या बाजूला फेकायचा. तिथेच पुढे आमची घरं झाली."

"मग तुम्ही तरी आक्काला सांगा ना, भावोजी."

"मला नाही जमायचं." ते खाली बघत म्हणाले. "तिने पडदे बेतलेत. तुम्ही सांगितलंत तेच बरं झालं. राग तुमच्यावर राहील." आपण काय बोललो हे त्यांच्या मागाहून ध्यानात आलं असावं, कारण बस आली तेव्हा ते बाईंकडे न बघताच मागे फिरले.

गुरुवारची सभा गोदामाच्या तळमजल्यावर झाली. माणसं खुर्च्यांवर, पोत्यांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर बसली होती. साहेबांनी आनंदाची बातमी असल्याचं सांगून माइक मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी आधीचा अहवाल मागे घेतला. सरळ, काही न लपवता. नमुने वरच्या थरातले होते, गांडुळं खालची माती खात नाहीत, चूक माझी आहे, असं त्या म्हणाल्या. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मागून कोणीतरी ओरडलं, "सात महिने झोपला होता का?"

आणि मग मॅडमनी, अगदी चांगल्या मनाने, असं काही केलं की त्याचे परिणाम बाईंनाच भोगावे लागले. त्या म्हणाल्या, "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी ते पाहिलं. त्या नसत्या तर आपण सगळ्यांना विषावर राहायला पाठवलं असतं." आणि त्यांनी बाईंकडे हात केला.

एकशे साठ घरांची माणसं वळून बघू लागली. सगळे त्यांना आक्काची बहीण म्हणूनच ओळखत होते. 'होणार, मिळणार' म्हणून वर्षापूर्वी जिना चढत आलेली हीच. कोणी शिवी दिली नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "सांगायलाही हीच आणि मोडायलाही हीच." आक्का तिसऱ्या रांगेत होती. ती उठली आणि मागे न बघता जिना चढून गेली.

पुढच्या महिन्यात खोलवरचे नमुने काढले. हातभर खाली विष जसंच्या तसं होतं. बाईंचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं आणि त्यांना त्याचा तिळमात्र आनंद झाला नाही.

काम नव्याने सुरू झालं, आणि आता ते कंबरमोडं झालं. उरलेली घरं पाडायची, कमरेइतकं खणायचं, माती चाळायची, कंपोस्टात कालवायची, वाफे करायचे. गांडुळांना आधी थोड्या पिवळ्या मातीची सवय लावायची, मग वाढवत न्यायची. दर तिमाहीला वाफे उलथायचे. आणि दर आठवड्याला तीस पोटं उघडून रंग बघायचा, हे आता लेखी नियमातच आलं. वर्षाला वीस घरांच्या जागेपलीकडे मजल जात नव्हती. कोणत्या जागा आधी घ्यायच्या ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. आक्काच्या घराचा नंबर आला एकशे एकेचाळीसावा. बाईंना शब्द टाकून तो वर आणता आला असता का? एकदा त्या साहेबांच्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

आक्का बोलायची बंद झाली नाही. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. ती बोलायची, चहा द्यायची, 'जेवून जा' म्हणायची, पण 'धाकटे' म्हणणं तिने सोडलं. तिसऱ्या वर्षी भावोजींची छाती भरली ती उतरलीच नाही. ते गोदामातच गेले. भेटायला आलेल्या माणसांसमोर आक्का कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "स्वतःच्या घरातून जायचं होतं त्यांना. एवढंच मागत होते." तिने कोणाकडे बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती. बाई प्लायवूडच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. घरी परतले असते तर ते जगले असते की आणखी लवकर गेले असते, हा प्रश्न त्यांनी मनात कितीदा उलटासुलटा केला असेल. गांडुळाचं पोट उघडून त्याचं उत्तर मिळण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर मुलीच्या नवऱ्याला दूरच्या शहरात काम लागलं आणि आक्का त्यांच्याबरोबर निघून गेली. दोघी बहिणी रविवारी फोनवर बोलायच्या. गुडघे, भाज्या, नातवाची शाळा. बाई फोन ठेवायच्या तेव्हा त्यांच्या लक्षात यायचं की आपण बोलताना ताठ बसलो होतो.

आठव्या वर्षी एकशे एकेचाळीसावी जागा साफ झाली. बाई तेव्हा निवृत्तीला आल्या होत्या, चष्मा जाड झाला होता, पण त्या वाफ्यातली तीस गांडुळं त्यांनी दुसऱ्या कोणाला उघडू दिली नाहीत. खोलवरच्या मातीचे आकडे आले, वहीवर मॅडमच्या जागी आलेल्या नव्या प्रमुखांची सही झाली. त्या दिवशी रविवार नव्हता, तरी बाईंनी फोन लावला.

"आक्का, तुझी जागा झाली गं. खालपर्यंत तपासली. मी स्वतः."

पलीकडे नातू मोठ्याने पाढे म्हणत होता. आक्काने त्याला गप्प केलं.

"आता कोण राहायला जाणार तिथे?" ती म्हणाली.

"तू म्हणशील ते. विकता येईल, बांधता येईल. मी बघेन सगळं."

"हे नाहीत. मला जमिनीवर बसवत नाही. पोरीचं सगळं इथे." नातवाने पुन्हा पाढे सुरू केले. मग आक्का म्हणाली, "गोदामात अजून किती घरं आहेत?"

"एकोणीस."

"त्यात लहान मूल असलेलं कोण?"

"दोन घरं आहेत."

"मग त्यांतल्या एकाला दे म्हणावं. ज्यांचं मूल धाकटं त्यांना." आणि लगेच, काही घडलंच नाही अशा आवाजात, "डॉक्टरांनी नवा पट्टा दिलाय गुडघ्याला. फार घट्ट आहे मेला."

बाई पट्ट्याबद्दल ऐकत राहिल्या. आक्काने आपल्याला माफ केलं की तो विषय कायमचा मिटवून टाकला, हे त्यांना कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वसाहत खात्यात गेल्या आणि कागदावर त्या दोन घरांतल्या मुलांच्या जन्मतारखा शोधू लागल्या.